कण गुंतलेले की चिकटवलेले? अग्निज आणि गाळाचे खडक ओळखताना

नव्या माणसाच्या हातात दगड दिला की तो पहिल्यांदा रंग सांगतो. "काळा आहे, म्हणजे बेसॉल्ट ना?" गेली वीसेक वर्षं मी लोकांना खडक दाखवायला घेऊन जाते आणि पहिल्या दिवशी एकच विनंती करते: आज संध्याकाळपर्यंत रंगाचं नाव काढायचं नाही. काळा बेसॉल्ट असतो, काळा चुनखडक असतो, काळा शेल (पापुद्र्यांचा, चिखलाचा खडक) असतो, काळा चर्ट (गारेसारखा कठीण गाळाचा खडक) असतो आणि ज्वालामुखीची काळी काचही असते. खडकात जरासा कार्बन किंवा थोडं लोह मिसळलं तरी रंग पालटतो. खडक जन्मला कसा, हे रंग फारसं सांगत नाही.

त्याऐवजी एक प्रश्न विचारायचा: या दगडातले कण एकमेकांना धरून कसे आहेत?

दोन शक्यता असतात. एकीत कण एकमेकांत गुंतलेले दिसतात. एकाची कड जिथे संपते तिथेच दुसऱ्याची सुरू होते आणि मध्ये फट नसते, भरावही नसतो. हे कण जागच्या जागी, एकमेकांना ढकलत वाढलेले आहेत. दुसरीत कण वेगवेगळे, झिजलेले, दुसरीकडून आलेले असतात आणि त्यांच्यामधली जागा कशाने तरी भरून ते चिकटवलेले असतात. पहिला दगड बहुधा अग्निज, म्हणजे वितळलेला खडक निवून झालेला, दुसरा गाळाचा. "बहुधा" का म्हणते ते पुढे येईलच, कारण खरी गंमत अपवादांतच आहे.

आधी ताजी फूट, मग भिंग

ऊन, पाऊस आणि शेवाळ यांनी दगडाच्या अंगावर एक साल चढवलेली असते. बेसॉल्टवर ती तपकिरी असते. ग्रॅनाइटमधलं फेल्डस्पार नावाचं खनिज वरवर पिठासारखं पांढरं पडतं. चुनखडकावर पावसाने बारीक खळगे पाडलेले असतात. ही साल पाहून नाव ठेवलं की हमखास चुकतं. म्हणून सुटा पडलेला दगड घ्या, डोळ्यांवर गॉगल चढवा आणि कडेवर हातोडीचा एक घाव घालून ताजी फूट मिळवा. उभ्या कड्यावर किंवा संरक्षित जागेत हातोडी चालवू नका, पायथ्याला हवे तेवढे तुकडे पडलेले असतात. काचेसारखा दगड असेल तर घाव घालूच नका. त्याच्या चिरफळ्या पात्यासारख्या धारदार असतात.

मग फुटीवर पाणी शिंपडा. ओल्या दगडात कणांच्या कडा एकदम उठून दिसतात.

भिंग दहापट मोठं दाखवणारं पुरतं, पण ते धरायची पद्धत महत्त्वाची आहे. बहुतेक जण भिंग दगडाजवळ नेतात आणि स्वतः लांबून पाहतात. उलट करा. भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवा, उजेडाकडे तोंड करा आणि दगड हळूहळू जवळ आणा. साधारण अडीच सेंटिमीटरवर चित्र स्वच्छ होतं. पहिल्यांदा हे जमतं तेव्हा माणूस बोलायचा थांबतो. तो क्षण मला दर वेळी तितकाच आवडतो.

याशिवाय स्टीलची सुरी किंवा जाड खिळा आणि एक थेंबबाटली जवळ ठेवा. बाटलीत साधारण १० टक्क्यांचं हायड्रोक्लोरिक आम्ल, आणि ते मिळत नसेल तर व्हिनेगर. आम्ल पातळ करताना नेहमी पाण्यात आम्ल घालायचं, आम्लात पाणी कधीच नाही.

शिलारस निवतो तेव्हा

अठराव्या शतकाच्या शेवटी युरोपात मोठा वाद होता. जर्मनीतल्या फ्रायबर्गच्या खाणशाळेत शिकवणारे वेर्नर आणि त्यांचे शिष्य म्हणत, ग्रॅनाइट आणि बेसॉल्ट हे जुन्या समुद्राच्या पाण्यातून खाली बसले. स्कॉटलंडचे जेम्स हटन म्हणत, हे वितळलेले खडक निवून झाले. १७८५ मध्ये ग्लेन टिल्ट नावाच्या दरीत हटन यांना गुलाबी ग्रॅनाइटच्या शिरा जुन्या खडकाला चिरत आत घुसलेल्या दिसल्या. घट्ट दगड दुसऱ्या दगडात असा शिरू शकत नाही, तो तेव्हा वितळलेलाच असला पाहिजे. तरी आक्षेप उरलाच: वितळलेला दगड निवला तर त्याची काच होईल, दाणे कुठून येतील? हटन यांचे तरुण मित्र सर जेम्स हॉल यांनी बेसॉल्टच्या जातीचा काळा दगड ओतशाळेच्या भट्टीत वितळवला. झटकन निववला तेव्हा काच मिळाली, सावकाश निववला तेव्हा दाणेदार दगड मिळाला. १७९८ मध्ये त्यांनी हे प्रयोग मांडले.

अग्निज खडक ओळखण्याचं निम्मं शास्त्र या प्रयोगात आहे. दाण्याचा आकार म्हणजे निवण्याचा वेग. जमिनीत काही किलोमीटर खोल अडकलेला शिलारस, म्हणजे वितळलेला खडक, निवायला हजारो, मोठा साठा असेल तर लाखो वर्षं घेतो. स्फटिकांना वाढायला वेळ मिळतो आणि ग्रॅनाइट किंवा गॅब्रोसारखे, नुसत्या डोळ्यांना दाणे दिसणारे खडक बनतात. तोच शिलारस लाव्हा होऊन बाहेर पडला की वाढायला सवडच नसते. मग ग्रॅनाइटच्या रसायनाचा रायोलाइट होतो आणि गॅब्रोच्या रसायनाचा बेसॉल्ट. दाणे इतके बारीक की भिंगाखालीही जेमतेम चमचमतात. आणि निवणं अगदीच झटक्यात झालं तर ऑब्सिडियन, म्हणजे शुद्ध काच. ती फुटते तेव्हा शिंपल्यासारखी वक्र, वलयं असलेली फूट दिसते.

कधीकधी बारीक दाण्यांच्या काळ्या पार्श्वभूमीवर तांदळाएवढे किंवा त्याहून मोठे पांढरे स्फटिक विखुरलेले दिसतात. तिथे शिलारस दोन टप्प्यांत निवलेला आहे. खोलवर सावकाश काही स्फटिक वाढले आणि मग सगळं एकदम वर येऊन उरलेला रस गोठला. एका तळहातावर दोन वेगवेगळ्या वेगांची नोंद! असा दगड मिळाला की मी तो फिरवून सगळ्यांना पाहायला लावते.

लाव्हातली दुसरी खूण म्हणजे पोकळ्या. खोलवर दाबाखाली विरघळलेले वायू लाव्हा वर येताना सुटतात आणि बुडबुडे गोठून राहतात. प्रवाहाच्या वरच्या अंगाला त्यांची गर्दी असते, मधला भाग घट्ट असतो. पुढे त्यातून पाणी झिरपलं की या पोकळ्यांत झिओलाइट, कॅल्साइट, अकीक अशी खनिजं भरतात. पमिस तर जवळजवळ नुसते बुडबुडेच, इतका हलका की पाण्यावर तरंगतो. १८८३ मध्ये क्राकाटोआचा उद्रेक झाल्यावर पमिसचे तराफे हिंदी महासागरात महिनोन्‌महिने तरंगत होते.

आता दाणे ओळखू. ग्रॅनाइटमध्ये तीन गोष्टी शोधा. दगड उजेडात हळूहळू फिरवला की आरशासारखा सपाट चमकून जातो तो फेल्डस्पार, गुलाबी किंवा पांढरा. तुटलेल्या काचेसारखा, करडा, कुठेच सपाट चमक नसलेला तो क्वार्ट्झ, म्हणजे आपली गारगोटी. सुरीच्या टोकाने पापुद्रा सुटतो ते अभ्रक. क्वार्ट्झला स्वतःचा आकार दिसत नाही, तो इतरांच्या मधल्या जागा भरतो. कारण तो शेवटी आला. भूवैज्ञानिक नॉर्मन बोवेन यांनी भट्टीत शिलारस निववून स्फटिकांचा क्रम लावला आणि १९२२ मध्ये तो मांडला: बेसॉल्टसारख्या रसात आधी हिरवट ऑलिव्हीन, मग पायरॉक्सीन, ॲम्फिबोल, काळं अभ्रक आणि अगदी शेवटी क्वार्ट्झ. यातून एक उपयोगी नियम मिळतो. ऑलिव्हीन आणि क्वार्ट्झ एकाच अग्निज खडकात सहसा नांदत नाहीत. एक नक्की दिसलं की दुसऱ्याचा शोध सोडून द्या.

खडक झिजतो, वाहतो, बसतो

१९३८ मध्ये सॅम्युएल गोल्डिच यांनी दाखवलं की खनिजं झिजण्याचा क्रम जवळजवळ हाच आहे. सगळ्यात जास्त उष्णतेत जन्मलेलं ऑलिव्हीन पृष्ठभागावर सगळ्यात आधी कुजतं, शेवटी आलेला क्वार्ट्झ सगळ्यात जास्त टिकतो. फेल्डस्पारची हळूहळू चिकणमाती होते. म्हणून जगभरातली इतकी वाळू क्वार्ट्झची असते. एखाद्या जुन्या ग्रॅनाइटच्या डोंगरातले हे शेवटचे उरलेले कण. वालुकाश्म हातात घेतला की मला आधी तो नाहीसा झालेला डोंगर आठवतो.

पाणी, वारा आणि बर्फ हे कण वाहून नेतात आणि वाटेत त्यांची निवड करतात. वेग असेल तिथे गोटे बसतात, संथ झालं की वाळू, अगदी शांत पाण्यात चिखल. २ मिलिमीटरपेक्षा मोठे कण असतील तर पिंडाश्म. ते गोटे गोल असतील तर लांबून लोळत आलेले, कोपरे तसेच असतील तर जवळच कोसळलेले, आणि मग त्या खडकाला संकोणाश्म म्हणतात. ०.०६ ते २ मिलिमीटरच्या दरम्यान वालुकाश्म. त्याहून बारीक कणांचे पंकाश्म आणि शेल. शेलचे पातळ पापुद्रे नखाने सुटतात, पंकाश्म ढेकळासारखा फुटतो. गाळवट (वाळूहून बारीक, पण चिकणमातीहून भरड कणांचा दगड) आणि चिकणमातीचा दगड यातला फरक करायला जुने भूवैज्ञानिक स्वच्छ फुटीवरचा एक कण पुढच्या दातांत धरतात. कचकच लागली तर गाळवट, लोण्यासारखा वाटला तर चिकणमाती.

नुसतं बसून दगड होत नाही. वरच्या थरांच्या वजनाने पाणी पिळून निघतं. ताज्या चिखलात निम्म्याहून जास्त जागा पाण्याचीच असते. मग कणांमधून फिरणारं पाणी आपल्यातला विरघळलेला भाग तिथे ठेवून जातं. हाच तो डिंक. तो तीन प्रकारचा भेटतो. कॅल्साइटचा असेल तर आम्लाच्या थेंबाने कणांच्या मधूनच फेस येतो. लोहाचा असेल तर दगड तांबडा आणि बोटाला डाग लागतो. सिलिकाचा, म्हणजे क्वार्ट्झच्याच द्रव्याचा, असेल तर दगड इतका चिवट की सुरीने कण सुटत नाहीत. डिंक कच्चा असेल तेव्हा नखाने खरवडलं तरी वाळू गळते आणि पाण्याचा थेंब शोषला जातो. ग्रॅनाइटवर तो थेंब तसाच बसून राहतो. हातोडीच्या घावाकडेही लक्ष द्या: कच्च्या वालुकाश्मात फूट कणांना वळसा घालून जाते, ग्रॅनाइटमध्ये ती कण कापून जाते.

चुनखडकाची गोष्ट वेगळी. तो बहुतांशी जिवंत प्राण्यांनी बांधलेला असतो, शंख-शिंपले, प्रवाळ आणि डोळ्यांना न दिसणारी शैवालं यांनी. इंग्लंडमधल्या डोव्हरचे पांढरे कडे क्रिटेशियस, म्हणजे डायनोसॉरांच्या शेवटच्या काळातल्या सूक्ष्म शैवालांच्या चुन्याच्या चकत्यांचे आहेत. ओळखायला सोपा: सुरीने ओरखडा उठतो आणि आम्ल टाकताच फसफसतो. थेंब टाकूनही गप्प राहिला तर सुरीने थोडी पूड करून तिच्यावर पुन्हा टाका. पूड हळूहळू फसफसली तर तो डोलोमाइट, चुनखडकाचा मॅग्नेशियम असलेला भाऊ. व्हिनेगर वापरत असाल तर थोडा धीर धरा, बुडबुडे भिंगातून पाहावे लागतात.

जिथे माझीही फसगत झाली

सुरुवातीच्या वर्षांत मी एका फिकट, थर असलेल्या, दाणेदार खडकाला वालुकाश्म म्हणून लेबल लावलं होतं. थर होते, वेगवेगळे कण होते, बोटाला खरखर लागत होती. दोन वर्षांनी तोच तुकडा नीट भिंगाखाली घेतला तेव्हा दिसलं की कण झिजलेले नव्हतेच. तुटलेले, टोकदार स्फटिक होते आणि मधेमधे पमिसचे चपटे झालेले, तंतुमय तुकडे. तो टफ होता, ज्वालामुखीची राख बसून झालेला. जन्म आगीतला, पण बसला गाळासारखा. तेव्हापासून थर दिसले म्हणून गाळाचा खडक असं मी म्हणत नाही. कणांच्या कडा पाहिल्याशिवाय तर नाहीच.

अशा आणखी जागा आहेत. अर्कोज नावाच्या वालुकाश्मात ग्रॅनाइटचा फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ तसाच असतो, रंगही तोच गुलाबी. लांबून ग्रॅनाइटच वाटतो. भिंगातून एकेका फेल्डस्पारची कड धरून फिरा. ती शेजाऱ्याच्या कडेला तंतोतंत चिकटून वळते का, की मध्ये बारीक भुकटी आहे आणि कोपरे गोल झालेत? उत्तर तिथे मिळतं.

मीठ, जिप्सम आणि काही चुनखडक पाण्यातून स्फटिक होऊनच बसतात, म्हणजे त्यांचेही कण गुंतलेले दिसतात. पण हे खडक सहसा एकाच खनिजाचे आणि मऊ असतात. जिप्समला नखाने चरा पडतो, कॅल्साइटला सुरीने, क्वार्ट्झ-फेल्डस्पारला सुरी काहीच करत नाही. फ्रीडरिश मोस यांनी १८१२ मध्ये आखलेल्या कठीणतेच्या मापावर जिप्सम २, कॅल्साइट ३, फेल्डस्पार ६, क्वार्ट्झ ७, आणि साधी सुरी साडेपाचच्या आसपास.

बेसॉल्टवर आम्ल फसफसलं तर गोंधळू नका. पोकळीत भरलेलं कॅल्साइट फसफसतं, आजूबाजूचा काळा दगड गप्प असतो. थेंब कुठे पडला ते पाहा. पोकळ्यांवरूनही चुकायला होतं: चुनखडकातून शंख विरघळून गेल्यावर राहिलेली भोकं बुडबुड्यांसारखी वाटतात, पण त्यांच्या आतल्या भिंतीवर शंखाच्या वळ्या उमटलेल्या असतात.

आणि संगमरवर, नाइस, क्वार्टझाइट यांना या दोन डब्यांत कोंबू नका. उष्णता आणि दाबाने बदललेले ते रूपांतरित खडक. दाणे गुंतलेले आणि शिवाय एका दिशेने ओढल्यासारखे किंवा पट्ट्यापट्ट्यांत दिसले तर तो तिसरा प्रकार समजा.

हातातला तुकडा खाली ठेवून कड्याकडे पाहा

जिथून तुकडा आला ती जागा निम्मं उत्तर देते. गाळाच्या खडकात थर असतात आणि थरांत पाण्याच्या, वाऱ्याच्या सवयी. लाटांच्या वळ्या, वाळलेल्या चिखलाच्या भेगा, एकाच थरात खाली भरड आणि वर बारीक होत गेलेले कण. अमेरिकेतल्या झायन दरीत नवाहो वालुकाश्माच्या कड्यांवर तिरक्या रेषांचे मोठेमोठे झुपके दिसतात. त्या ज्युरासिक वाळवंटातल्या टेकड्यांच्या उतरणी आहेत, वारा ज्या दिशेला वाळू ढकलत होता तिकडे कललेल्या. जीवाश्म सापडला तर प्रश्न जवळजवळ मिटलाच, फक्त टफमध्येही ते सापडू शकतात हे ध्यानात ठेवा.

लाव्हाचे प्रवाहही एकावर एक बसतात आणि लांबून थरांसारखे दिसतात. जवळ जा. प्रवाहाचा माथा पोकळ्यांनी भरलेला, कधी तांबूस, आणि मधला भाग घट्ट असेल तर तो लाव्हा. घट्ट भाग निवताना आक्रसतो, भेगा पडतात आणि खांब तयार होतात. उत्तर आयर्लंडच्या जायंट्स कॉजवेवर असे सुमारे ४०,००० खांब आहेत, बहुतेक षट्‌कोनी. खांब निवणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोनात वाढतात, म्हणून आडवे पडलेले खांब दिसले तर बाजूला उभी भिंत होती असं समजा. थरांना कापत जाणारी गडद खडकाची भिंत दिसली तर तिच्या कडेला बोट ठेवा. कडेचे दाणे मधल्या भागापेक्षा बारीक असतात, कारण थंड खडकाला टेकून तो रस आधी गोठला, आणि शेजारचा खडक भाजून कडक झालेला असतो. थरांच्या मधून आडवा शिरलेला खडक असेल तर वरचा आणि खालचा दोन्ही थर भाजलेत का ते पाहा. दोन्ही भाजले असतील तर शिलारस नंतर घुसला. फक्त खालचा भाजला असेल तर तो लाव्हाचा प्रवाह, वरचा थर नंतर बसला.

तुकडा घरी नेणार असाल तर जागेवरच त्याच्यावर क्रमांक टाका आणि वहीत लिहा: जागा, कड्यातला की सुटा पडलेला, वर-खाली काय होतं, भिंगातून कणांच्या कडा कशा दिसल्या, सुरीने आणि आम्लाने काय केलं. खडकाचं नाव सगळ्यात शेवटी आणि पेन्सिलीने लिहा.